मोड आणि मोडणं

"कचरा काढूच द्यायचा नाही, आणि त्यानं माणूस बरा व्हायचा? हे कसलं औषध, भाऊजी?"

वहिनींनी हा प्रश्न मला २०१८च्या पावसाळ्यात विचारला. त्याच्या आधीचे आठ महिने त्यांची पाठ दुखत होती. जवळच्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या आणि पट्टा दिला. मग एक दिवस भाताचं पोतं सरकवताना मणका दबला आणि मुंबईच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं, मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजातल्या प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. औषधांच्या यादीत पहिलं नाव होतं बॉर्टेझोमिब. आठवड्यातून दोनदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, असे दोन आठवडे, मग एक आठवडा विश्रांती. तिथल्या परिचारिकेनं वहिनींना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, की या औषधानं पेशीला आतला कचरा काढता येत नाही, मग ती मरते. परतीच्या गाडीत पनवेल सोडल्यावर वहिनींनी मला वरचा प्रश्न केला.

मला उत्तर आलं नाही. मी पेशानं संशोधक नाही. खोपोली परिसरातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. विज्ञानाचा इतिहास हा माझा फावल्या वेळचा नाद, आणि त्यातलं जे काही येतं ते ग्रंथालयांत बसून, अडखळत, स्वतःचं स्वतः शिकलेलं. पण हा प्रश्न साधा नव्हता आणि विचारणाऱ्या बाईंनी मला लहानाचं मोठं केलं होतं. म्हणून मी तो धरून बसलो. प्रथिनं कशी मोडतात, हे शोधण्यात ज्यांनी आयुष्यं घालवली त्यांच्या कामापर्यंत तो मला घेऊन गेला. त्या कामाचं एक टोक आमच्या कुंभिवलीच्या शेतात सापडेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

वालाचा दाणा

खालापूर-कर्जतकडे भात कापलं की त्याच रानात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते आणि सुका दाणा वर्षभर बिरड्याला पुरतो. बिरड्याची रीत घरोघरी तीच. वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून साल काढायची आणि मग शिजवायचे. कच्चा वाल कुणी खात नाही. का खात नाही, याचं शास्त्रीय उत्तर शोधणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, कमला सोहोनी.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म इंदूरचा, १९११चा. दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. घरात रसायनशास्त्राचं वातावरण होतं, कारण वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून शिकून आलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. चांगल्या रीतीनं पार पाडून कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत आणि अखेर अटींवर, चाचणी म्हणून, त्यांना घेतलं गेलं. ही हकिगत मराठीत बरेचदा सांगितली जाते. त्या संस्थेत त्यांनी नेमकं काय केलं, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. तिथे त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून लग्नानंतर, १९४७ साली त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या विभागात रुजू झाल्या.

तिथे त्यांनी विद्यार्थ्यांकडून नीरा, कडधान्यं आणि गरिबांच्या ताटातल्या इतर पदार्थांवर काम करून घेतलं. त्या कामातलं एक छोटं टिपण १९५५च्या 'नेचर'मध्ये आहे. लेखक दोन, सोहोनी आणि के. एस. आंबे. विषय होता वाल आणि डबल बी यांच्यातून स्फटिकरूपात वेगळे काढलेले ट्रिप्सिनचे रोधक. मुंबईतल्या एका ग्रंथालयात त्या वर्षाच्या बांधीव अंकात ते पान उघडलं, तेव्हा आमच्या शेतातला दाणा मला तिथे भेटला.

ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं कापणारं विकर. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ. ती एका विशिष्ट ठिकाणी कापण्याचं काम ट्रिप्सिनचं. वालाच्या दाण्यात असं एक छोटं प्रथिन असतं, की ते कापलं जाण्यासाठी आल्यासारखं ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन बसतं आणि मग उठतच नाही. कात्री अडकते. खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. दाण्याच्या बाजूनं पाहिलं तर ही त्याची राखण आहे, खाणाऱ्या किड्याला किंवा जनावराला त्याचा लाभ होऊ नये अशी. शिजवल्यावर हे रोधक बऱ्याच अंशी निकामी होतं. सोयाबीनमधलं असंच रोधक अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात काढलं होतं. दहा वर्षांत मुंबईच्या प्रयोगशाळेनं वालाचं काढलं. स्फटिक मिळणं म्हणजे पदार्थ शुद्ध हाती आल्याची मोठी खूण. त्याशिवाय, "वालात काहीतरी आहे" याच्या पुढे बोलणं जात नाही.

पण दाण्याची गोष्ट इथे संपत नाही. वाल भिजला की दाण्याच्या पेशींत साठवलेली प्रथिनं कापली जाऊ लागतात. कात्र्या दाण्याच्या स्वतःच्याच असतात. साठा मोडतो, अमिनो आम्लं सुटतात आणि त्यांतून कोंबाची नवी प्रथिनं बांधली जातात. आतलं मोडतं, तेव्हा मोड येतो. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द ठेवलाय. पैशांची नड आली की आपण दागिना मोडतो, तेव्हाही आपण सोनं फेकून देत नाही. वहिनींच्या पहिल्या सहा महिन्यांच्या इंजेक्शनांसाठी त्यांच्या पाटल्या मोडल्या, म्हणून हा शब्द मला जरा जास्तच लागतो.

स्थिर दिसणारं शरीर

आतड्यात प्रथिन मोडतं हे जुनं ज्ञान. पण धडधाकट माणसाच्या पेशींच्या आत, काही आजार नसताना, प्रथिनं सतत मोडत असतात हे १९३०च्या दशकापर्यंत कुणाच्या गावी नव्हतं. तेव्हाची समजूत अशी, की शरीर हे इंजिन आणि अन्न हा कोळसा. इंजिनाचं लोखंड तसंच राहतं, कोळसा जळतो.

ही समजूत रुडॉल्फ शोएनहायमर यांनी मोडली. जर्मनीतून १९३३ साली बाहेर पडून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले होते. तिथे हेरॉल्ड युरी यांच्यामुळे त्यांना नायट्रोजनचा जड प्रकार मिळाला. तो रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या नायट्रोजनसारखाच वागतो, पण वजनावरून ओळखता येतो. असा खुणेचा नायट्रोजन असलेलं अमिनो आम्ल त्यांनी उंदरांना खाऊ घातलं. तो लघवीतून लगेच बाहेर पडेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग उंदरांच्या स्वतःच्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला. उंदराचं वजन वाढलेलं नव्हतं. म्हणजे जुनं तितकंच मोडून गेलं होतं. शोएनहायमर १९४१ साली वारले. 'द डायनॅमिक स्टेट ऑफ बॉडी कॉन्स्टिट्युअंट्स' हे त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं.

आज हिशोब मांडता येतो. प्रौढ माणूस दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन खातो, पण त्याच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडतं आणि तितकंच नव्यानं बांधलं जातं. बहुतेक माल जुन्याचाच पुन्हा वापरलेला असतो. प्रत्येकाचं आयुष्यही वेगळं. ऑर्निथीन डिकार्बॉक्सिलेज नावाचं एक विकर अर्ध्या तासाच्या आत निम्मं उरतं. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन त्या पेशीबरोबर सुमारे १२० दिवस टिकतं. डोळ्याच्या भिंगातली काही प्रथिनं जन्मभर तीच राहतात.

मग प्रश्न आला, की एकाच पेशीत हे निवडून कोण मोडतं? बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी १९५५च्या सुमारास पेशीतल्या लायसोसोम या पिशव्या शोधल्या. त्यांत पचवणारी विकरं असतात. पण पिशवीत जे पडेल ते पचेल. एक प्रथिन अर्ध्या तासात काढायचं आणि शेजारचं चार महिने ठेवायचं, ही निवड तिथे कशी होणार?

दुसरं कोडं याहून विचित्र होतं. मेल्विन सिम्प्सन यांनी १९५३ साली दाखवलं होतं, की यकृताच्या कापांत प्रथिनं मोडायला पेशीची ऊर्जा लागते. बांधायला ऊर्जा लागते हे कळतं, पण मोडायला का? आतड्यातलं ट्रिप्सिन काही मागत नाही. घर बांधायला गवंडी लागतात, पाडायला पहारही पुरते. तरी पेशी मोडण्यासाठी खर्च करते. फुकट होणाऱ्या कामाला जी पैसे मोजते, ती नक्कीच काहीतरी वेगळं विकत घेत असणार.

स्नायूंपासून निघालेला माणूस

या कोड्यामागे जन्मभर लागलेल्यांत आल्फ्रेड गोल्डबर्ग होते, १९४२ ते २०२३. सारी कारकीर्द हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात. सुरुवातीचा विषय स्नायू. हात प्लास्टरमध्ये राहिला, उपास घडला, मोठं आजारपण आलं की स्नायू झडतात. कर्करोगाचा रोगी तर डोळ्यांदेखत वाळतो. तेव्हा बहुतेकांचा कल, नवं प्रथिन बांधणं कमी होत असणार, असं मानण्याकडे होता. गोल्डबर्ग यांचं लक्ष दुसऱ्या बाजूला गेलं. मोडणंच वाढत असेल तर?

स्नायूंत हे तपासणं अवघड म्हणून ते जिवाणूंकडे वळले आणि १९७२ साली त्यांनी दाखवलं, की बिघडलेली प्रथिनं जिवाणू झपाट्यानं मोडतो. जिवाणूत लायसोसोम नसतात. म्हणजे निवडून मोडणारी वेगळी व्यवस्था आहे. मग त्यांनी सशाच्या रक्तातल्या अपक्व तांबड्या पेशी निवडल्या. पक्व होताना या पेशीही लायसोसोम गमावतात. १९७७ साली एटलिंगर आणि गोल्डबर्ग यांनी या पेशी फोडून मिळालेल्या द्रवात दाखवून दिलं, की लायसोसोम नसतानाही बिघडलेलं प्रथिन मोडतं, पण ऊर्जा पुरवली तरच. पेशीतलं कोडं आता परीक्षानळीत आलं होतं. परीक्षानळीत आलेलं कोडं वाटून सोडवता येतं.

तसंच झालं. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चिखानोव्हर यांनी तोच द्रव घेतला आणि त्याचे भाग पाडले. एकटा कुठलाच भाग काम करीना, एकत्र केले की करी. त्यांपैकी एका भागातला कामाचा घटक उकळल्यावरही टिकत होता. एरवी प्रथिन उकळलं की वालातल्या रोधकासारखं निकामी होतं, हे होत नव्हतं. फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्याबरोबर त्यांनी १९८० साली उलगडा केला. हा घटक कात्री नव्हता, ती चिठ्ठी होती. मोडायच्या प्रथिनावर ती चिकटवली जाते, एकीवर एक अशी साखळी लागते, आणि ती साखळी पाहून मोडणारं यंत्र प्रथिनाला आत घेतं. त्याच वर्षी लक्षात आलं, की ही चिठ्ठी म्हणजे आधीच माहीत असलेलं युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते जवळपास सगळीकडे सापडतं म्हणून हे नाव. ऊर्जेचा पहिला हप्ता कशावर खर्च होतो ते आता कळलं. तो निवडीवर होतो. या शोधासाठी तिघांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोल्डबर्ग त्यांत नव्हते.

यंत्राचा शोध वेगवेगळ्या प्रयोगशाळांत चालू होता आणि एकाच वस्तूला अनेक नावं पडली होती. १९८८ साली गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वस्तू एकच असल्याचं दाखवलं आणि प्रोटिअसोम हे नाव रूढ झालं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. चार चकत्या एकावर एक ठेवून केलेला पोकळ नळा, प्रत्येक चकतीत सात तुकडे, एकूण २८. कात्र्या सगळ्या आतल्या पोकळीत. तोंड इतकं अरुंद, की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. दोन्ही टोकांना झाकणासारखी यंत्रणा असते. ती चिठ्ठी ओळखते, प्रथिनाची घडी उलगडते आणि सुतासारखं आत ओढते. ऊर्जेचा दुसरा हप्ता इथे जातो. आतड्यातली कात्री उघड्यावर चालते, कारण तिथे जे येतं ते कापायचंच असतं. पेशीत मात्र कात्री उघडी ठेवली तर पेशीच कापली जाईल. म्हणून ती कोठडीत ठेवायची आणि दारावर पहारा बसवायचा, याचा हा खर्च.

त्या कोठडीतल्या कात्र्या तीन प्रकारच्या. त्यांतल्या एकीला शास्त्रज्ञ ट्रिप्सिनसारखी असंच म्हणतात.

रोधकाची दुसरी फेरी

१९९३ साली गोल्डबर्ग यांनी काही सहकाऱ्यांबरोबर मायोजेनिक्स नावाची छोटी कंपनी सुरू केली. नावातच स्नायू आहे. हेतू जुनाच होता. स्नायू झडतात ते प्रोटिअसोमच्या कामामुळे, तर ते काम मंद करणारं औषध शोधू. म्हणजे कात्रीच्या खाचेत जाऊन बसणारा रोधक हवा. वालाच्या दाण्यानं हा उपाय फार पूर्वी केला होता आणि कमलाबाईंनी तो १९५५ साली स्फटिक करून दाखवला होता. या दोन कामांत थेट वारसा आहे असं मी म्हणत नाही. वालाचं रोधक हे स्वतः प्रथिन, तर कंपनीला हवा होता एक लहानसा रेणू. पण युक्ती एकाच घराण्यातली.

कंपनीतल्या रसायनज्ञांनी एक रेणू घडवला. त्याच्या टोकाला बोरॉनचा अणू. तो प्रोटिअसोमच्या मुख्य कात्रीला घट्ट धरतो, पण कायमचा नाही, काही काळानं सुटतो. प्रयोगांत दिसलं, की कर्करोगाच्या पेशी या रेणूनं मरतात. कंपनीचं नाव बदललं, ती विकली गेली, पुन्हा विकली गेली, पण रेणू टिकला. मे २००३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मल्टिपल मायलोमासाठी मान्यता दिली. नाव बॉर्टेझोमिब. स्नायूंसाठी तो कधीच वापरात आला नाही.

मायलोमाच का? याचं उत्तर म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. ते मला सापडलं, तेव्हा त्यांचं दुसरं चक्र चालू होतं. मी त्यांना असं सांगितलं: लग्नघर आठवा. पाचशे माणसांच्या पंगती उठतायत, भांड्यांचा ढीग लागतोय. भांडी घासणाऱ्या बाया तासभर उठून गेल्या तर काय होईल? पंगतीच बंद पडतील. आणि त्याच बाया आपल्या घरी एक दिवस आल्या नाहीत तर? आपण चार ताटं बाजूला ठेवू, दुसऱ्या दिवशी घासू. मायलोमाची पेशी हे लग्नघर. ती रात्रंदिवस प्रतिद्रव्य म्हणजे प्रथिनच बनवते, अफाट बनवते. त्यातलं बरंच बिघडलेलं निघतं आणि ते मोडण्यात तिचे प्रोटिअसोम आधीच जेमतेम पुरे पडत असतात. औषध ते थांबवतं. बिघडलेला माल साचतो आणि ती पेशी स्वतःच्याच मालाखाली दबून मरते. बाकीच्या पेशी तेवढा वेळ निभावून नेतात. तोवर औषध सुटतं, मोडण्याचं काम पुन्हा सुरू होतं. दोन इंजेक्शनांमधले दिवस रिकामे ठेवतात ते त्यासाठी.

वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पायांत पण थोडं लग्नघर आहे." त्यांच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. बरोबरच होतं. मज्जातंतूंना या औषधाची झळ बसते, तो त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

त्यांच्या औषधांच्या डब्यात दुसरी एक गोळी होती, लेनालिडोमाइड. तीही याच गोष्टीतली निघाली. १९५०च्या दशकाअखेरीस गरोदर बायकांना दिलेल्या आणि हजारो बाळांना व्यंग देणाऱ्या थॅलिडोमाइडची ही धाकटी बहीण. ही औषधं काय करतात हे पन्नास वर्षं कोडंच होतं. २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं. सेरेब्लॉनचं काम चिठ्ठी लावणाऱ्या यंत्रणेत असतं. २०१४ साली पुढचं कळलं. लेनालिडोमाइड बसलं की सेरेब्लॉन भलत्याच प्रथिनांवर चिठ्ठी लावतं, आणि मायलोमाच्या पेशीला जगायला लागणारी दोन प्रथिनं मोडीत निघतात. म्हणजे एक औषध मोडणं थांबवतं, दुसरं हवं ते मोडायला लावतं, आणि दोन्ही एकाच डब्यात.

खारघर

मुंबईला जाता-येता आमची गाडी खारघरवरून जायची. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधनसंस्था आहे. बरेच महिने मी ती नुसती पाटी वाचत होतो. मग गोल्डबर्ग यांचे शोधनिबंध वाचताना २००४चा एक हाती लागला. पहिलं नाव होतं प्रसन्ना वेंकटरामन. पुढे त्यांची प्रयोगशाळा याच खारघरला, आमच्याच रायगड जिल्ह्यात उभी राहिली.

त्या निबंधाचा विषय हंटिंग्टन आणि तशा इतर रोगांशी जोडलेला आहे. या रोगांत एका प्रथिनात ग्लुटामीन हे अमिनो आम्ल ओळीनं अनेकदा येतं. हंटिंग्टनमध्ये ही ओळ साधारण ३६च्या पुढे गेली की रोग होतो. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, की प्रोटिअसोम ही ओळ कापू शकतो का. उत्तर आलं, नाही. आपल्यासारख्या प्राण्यांचा प्रोटिअसोम बाकीचं प्रथिन तोडतो, पण ग्लुटामीनची ओळ अखंड बाहेर सोडून देतो. यंत्रालाही न तुटणारी गाठ असते, ती ही.

खारघरच्या त्यांच्या प्रयोगशाळेचं पुढचं काम प्रोटिअसोम जुळवायला मदत करणाऱ्या प्रथिनांवर आहे. इतके तुकडे आपोआप जागच्या जागी बसत नाहीत, त्यांना बसवणारे मदतनीस लागतात. त्यांतलं एक गँकिरिन. यकृताच्या कर्करोगात ते प्रमाणाबाहेर वाढलेलं आढळतं. ते कोणाकोणाला धरतं आणि कुठे धरतं, हे या प्रयोगशाळेनं शोधलं. ज्या मदतनिसाची पकड कळली, ती सोडवण्याचा विचार पुढे कुणालातरी करता येतो. कमलाबाईंनी वालातलं रोधक शुद्ध करून ठेवलं तेव्हा त्याचं पुढे काय होईल हे ठाऊक नव्हतं, आणि इथेही नाही. जीवरसायनाचं बरंचसं काम असंच, नीट वेगळं करून ठेवलेल्या वस्तूंचं असतं.

उरलेला प्रश्न

औषधांनी वहिनींना साडेतीन वर्षं दिली. त्यांतली अडीच चांगली. त्यांनी नातवाची मुंज पाहिली, दोनदा वाल पेरून घेतले, पोपटीला भांबुर्ड्याचा पाला स्वतः निवडला. मग आजार परतला. मायलोमात हे पुष्कळदा होतं. काही पेशी औषधाला पुरून उरतात आणि वाढतात. पुढची औषधं झाली, पण गुण आला नाही.

शेवटच्या चार महिन्यांत त्या वाळत गेल्या. पाटा उचलणारे दंड हातात मावेनासे झाले, म्हणजे माझ्या मुठीत दोन्ही दंड येतील इतके. त्या दिवसांत एकदा मी त्यांना गोल्डबर्ग यांची पूर्ण गोष्ट सांगितली. ते निघाले होते स्नायूंचं झडणं थांबवायला, औषध सापडलं ते तुमच्या आजारावर. वहिनींनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ज्यासाठी निघाले होते, त्याचं काय झालं?"

त्याचं बरंच काही झालं होतं. स्नायू झडताना चिठ्ठी लावणारं एक प्रथिन भरमसाठ वाढतं हे गोल्डबर्ग यांच्याच प्रयोगशाळेनं २००१ साली शोधलं, त्याचं नाव अ‍ॅट्रोजिन-१. म्हणजे झडणं ही नुसती उतरण नव्हे, शरीर ते चिठ्ठ्या लावून घडवून आणतं, अडचणीत दागिना मोडावा तसं. हे सगळं कळलं, पण वहिनींच्या दंडासाठी देता येईल असं त्यातून काही निघालेलं नव्हतं. मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यांच्या हातचं वालाचं बी राख घालून मडक्यात ठेवलेलं आहे. यंदा दिवाळीनंतर भात निघालं की ते पेरायचं ठरलंय. आधी मूठभर भिजत घालून, फडक्यात बांधून मोड येतो का ते पाहू. आला, तर आत मोडणं नीट चालू आहे असं समजायचं.